पाखरीच्या हयातीसाठी पुण्यात तीन दिवस

घरातून निघताना मी "जातो" म्हणालो आणि अर्ध्या अंगणातून परत बोलावला गेलो.

"येतो म्हणा," आमची मंडळी दारातून म्हणाली. "पन्नास वर्षं सांगतेय."

मी "येतो" म्हणालो तेव्हा कुठं भाकरीची पिशवी हातात पडली. या एका शब्दावरून पुढं पुण्यात मला बोलणी खायची होती, पण ते त्या वेळी ठाऊक नव्हतं.

मी चौथी पास. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि आमच्या बैलांना माझ्यावाचून करमत नव्हतं. तरी लिहितोय, कारण परत आल्यापासून जो तो पारावर गाठून विचारतो, "आप्पा, पुण्यात काय झालं?" दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा लिहून वाचनालयात लावलेलं बरं.

पुण्याला का गेलो ते आधी सांगतो. पाखरी ही माझी खिलार गाय. कोशा म्हणजे राखट पांढरा रंग, शिंगं मागं वळलेली, तिसऱ्या वेताला गाभण. दोन वर्षांमागं लम्पी आला होता तेव्हा गावात निम्म्या गोठ्यांत जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या. पाखरीला एक गाठ आली नाही. यंदा ओढ्यापलीकडच्या गावात लम्पी पुन्हा दिसला, म्हणून मी तिला लस टोचायला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर फोनात घातला आणि माझ्याकडं बघत राहिले.

"आप्पा, ही गाय मेलीय."

पाखरी त्यांच्या टेबलावरचा कागद खात होती.

दोन वर्षांमागच्या साथीत मेलेल्या जनावरांच्या यादीत तिचं नाव होतं. नंबर मेलेला, म्हणून फोन लसीची नोंद घेईना. नोंद नाही तर लस नाही, असा वरचा हुकूम. डॉक्टर भला पोरगा. हळूच म्हणाला, "एक करू. बिल्ला काढून टाकू, नवीन मारू, दुसरं नाव देऊ. नवी गाय म्हणून नोंदवू. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "माझी गाय मेली न्हाई, आणि मी नवी घेतली न्हाई. एका गाईपायी दोन खोटं कशाला?"

"मग पुण्याला जावं लागेल. मेल्याची नोंद आम्हाला करता येते, उलटी फिरवायचं काम तिथंच होतं."

गाय मारायला तालुका पुरतो आणि जिवंत करायला पुणं लागतं, ही व्यवस्था कुणी बसवली ते मला पुण्यातही कुणी सांगितलं नाही. लम्पी ओढ्यापलीकडं होता आणि ओढ्याला उन्हाळ्यात पाणी नसतं. मी निघालो.

सोमवार, धायरी

लाल गाडीत कंडक्टरनं वयाचं कार्ड मागितलं. मी पंच्याहत्तरीच्या पुढचा आहे हे तोंडावर दिसत असूनही दाखवलं. त्याला म्हणालो, "मला म्हातारपण दाखवायला कार्ड लागतंय, माझ्या गाईला जिवंतपण दाखवायला." तो म्हणाला, "आजोबा, पुढं सरका." बरोबर होतं त्याचं, मागं गर्दी होती.

मुक्काम भाचीकडं. सुनंदा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, महेशराव म्हणजे आमचे जावई हडपसरला कारखान्यात. धायरी हे गाव होतं म्हणतात. मी शोधत होतो. बिल्डिंगींच्या मधून एक जुनी चिंच आणि तिच्याखाली एक देऊळ सापडलं, तेवढंच. पण देवळापुढं दोन म्हातारे उपरण्यानं माश्या हाकत बसले होते, म्हणजे गाव अजून आहे.

सुनंदाचं घर सातव्या मजल्यावर. एवढ्या उंचावर माशी येत नाही, हे मला फार आवडलं. आमचा गोठा सातव्या मजल्यावर असता तर माशीनं पसरणाऱ्या लम्पीचं काम नव्हतं. तिथून सिंहगड दिसतो, तोही समोरासमोर.

जेवायला तिनं माझ्यासाठी मुद्दाम पिठलं केलं होतं, आणि मी आणलेला ठेचा जावयांनी इतका खाल्ला की रात्रभर पाणी पीत बसले. दुधाची मात्र गंमत. पिशवीतल्या दुधाचा चहा पिऊन मी विचारलं, "हे कुठल्या गाईचं?"

"मामा, ते सगळ्या गाईंचं असतं."

"म्हणजे कुणाचंच न्हाई."

तिला मी बिल्ल्याची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "सिस्टिममध्ये एरर असेल. डेटा एन्ट्री करणाऱ्यानं चुकवलं असेल."

"तेच म्हणतोय मी. खात्याची चूक."

हे मी निघाल्यापासून सगळ्यांना सांगत होतो. डॉक्टरांना, कंडक्टरला, देवळापुढच्या म्हाताऱ्यांना. आता भाचीलाही सांगून झालं.

मंगळवार, मोठं ऑफिस

जनावरांच्या खात्याचं मोठं ऑफिस म्हणजे मला वाटलं, निदान दारात एखादी म्हैस असेल. नव्हती. आत झाडं छान, सावली गार, पण शेणाचा वास कुठंच नाही. आमच्या दवाखान्यात वासावरून कळतं की आपण योग्य जागी आलोय.

खिडकीवरचा बाबू यवतमाळकडचा होता. गोड बोलणारा. नंबर घालून त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. पाखरीच्या नावापुढं लाल अक्षरात "मृत" लिहिलं होतं. मी ती अक्षरं बोटानं पुसून बघितली, खरं सांगतो. गाय गोठ्यात आहे हे माहीत असूनही.

"मी का करू जी काका," तो म्हणाला. "इथं मृत करायचं बटन आहे. जिवंत करायचं दिसून नाही राहिलं."

"शोधा की. मी बसतो."

"तुमचं जेवण झालं का?"

"भाकरी आणलीय. बसतोच."

मी बसलो. शेजारी एक पेन्शनवाले गृहस्थ होते, त्यांचं काम वेगळ्याच खिडकीत होतं आणि ते चुकून इथं आले होते. ते म्हणाले, "मला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जाऊन सांगायचं, मी आहे." मी म्हणालो, "तुमचं बरं आहे. तुम्ही स्वतः येऊ शकता. माझीला एसटीत घेत नाहीत." त्यांना मी अर्धी भाकरी दिली.

एवढ्यात बाबूनं मला एका मॅडमकडं पाठवलं. मॅडम स्वतः जनावरांच्या डॉक्टर, पंचेचाळिशीच्या, हातावर जुन्या ओरखड्याची खूण. ती खूण बघून मला धीर आला. ही बाई कधीतरी गोठ्यात शिरलेली आहे.

त्यांनी नोंद उघडली आणि म्हणाल्या, "आप्पा, इथं शेरा आहे. 'मालकाने दूरध्वनीवर स्वतः सांगितले.'"

मी भाकरीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही सांगितलं होतं का?"

"मी कशाला सांगू? खात्याची चूक हाय."

त्या म्हणाल्या, "ठीक. मग प्रतिज्ञापत्र आणा. फोनवर नेमकं काय बोलणं झालं ते त्यात हवं. शपथेवर. ते आलं की मी बघते."

शपथेवर म्हणाल्या, तिथं माझी पंचाईत झाली.

मंगळवार दुपार, शनिवार पेठ

प्रतिज्ञापत्र टाईप करणाऱ्याचा पत्ता बाबूनंच दिला. शनिवार पेठेत एका जिन्याखाली छोटं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि मागं पाटी: "मजकूर स्वतः ठरवून यावे. आम्ही फक्त टंकलेखन करतो, विचार करीत नाही."

पाटीमागचे गृहस्थ माझ्याच वयाचे, पांढरा सदरा, चष्मा दोरीला. मी "नमस्कार" म्हणालो. ते म्हणाले, "आपण बसा, नमस्कार झाला."

"गाईचं प्रतिज्ञापत्र करायचंय."

"गाय सोबत आहे?"

"न्हाई."

"मग प्रतिज्ञा आपण करणार. स्पष्ट बोलत चला, कागद वाया जातो." ते टाईप करू लागले. माझं नाव, वय, गाव, गाईचं नाव, बिल्ल्याचा नंबर. बारा आकडे मला पाठ आहेत, ते धडाधड सांगितले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पण कौतुक काही केलं नाही.

"आता फोनवर आपण काय म्हणालात ते सांगा. शब्दशः."

मी इकडंतिकडं बघितलं. जिन्यावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेली. मी म्हणालो, "चुकीची नोंद झाली, एवढं लिहा."

"एवढं लिहितो. पण खाली 'वरील मजकूर सत्य आहे' हे मी प्रत्येक कागदावर छापतो. ते काढता येत नाही."

आता जे लिहितोय, त्यातलं फोनचं आमच्या मंडळीलाही तोवर माहीत नव्हतं.

दोन वर्षांमागं साथ आली तेव्हा हुकूम निघाला, कुणीही जनावर जागचं हलवायचं नाही. आमच्या गावात गोठ्याला गोठा लागून. एका भिंतीची माशी दुसऱ्या भिंतीवर बसते. आजारी जनावर हलवू नये हे मला कळतं. पण धडधाकट जनावर आजाऱ्याशेजारी बांधून ठेवायचं, हे कुठलं शहाणपण? माझा बाप रोगराईत चांगली जनावरं माळावर नेऊन ठेवायचा, दोन महिने खाली आणायचा नाही. मीही तेच केलं. पहाटे पाखरीला माळावर नेलं, तिथंच खोपट घालून राहिलो. म्हणून तिला गाठ आली नाही. पण हुकूम मोडला होता, हेही खरं. मी कधी कुणाच्या उंबऱ्यावर चुकलो म्हणून उभा राहिलेलो नाही, आणि तेव्हाही राहायचं नव्हतं.

मग एक दिवस माळावर फोन वाजला. खात्यातल्या पोरीचा आवाज, तिनं नंबर वाचला आणि म्हणाली, "आजोबा, तुमची पाखरी? यादीसाठी विचारायचंय."

मी म्हणालो, "गेली." आणि फोन बंद केला.

म्हणायचं होतं, माळावर गेली. पण माळ म्हणालो असतो तर नियम मोडल्याचं तिला सांगावं लागलं असतं, म्हणून पुढचं गिळलं.

मी हे सगळं त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांची बोटं थांबली होती. पाटीवर लिहिलं होतं तरी ते विचार करीत होते.

"अहो आप्पा," ते म्हणाले, "घरातून निघताना आपण काय म्हणता?"

"येतो."

"का?"

"जातो म्हणत न्हाईत. अशुभ असतं."

"माणसाला एवढं सांभाळून. आणि गाईला सरळ 'गेली'. त्या मुलीनं आपल्या पद्धतीनं बरोबरच लिहिलं. तिच्या जागी मी असतो तर फुलंही पाठवली असती."

मी पहिल्यांदा रागावलो, आणि मग जिन्याखाली इतका हसलो की वर गेलेली बाई खाली डोकावली. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी टाईप केलं: "मी फोनवर 'गेली' असे म्हणालो. त्याचा अर्थ माळावर गेली असा होता. अर्धे वाक्य नियमाच्या धाकाने सांगितले नाही." मग म्हणाले, "'धाकाने' ठेवू का 'भीतीने'?"

"भीती मला कशाची न्हाई. धाकानेच ठेवा."

तेवढी माझी बाजू त्यांनी राखली. निघताना मी "येतो" म्हणालो. ते म्हणाले, "येऊ नका. कागद बरोबर झालाय."

बुधवार, पुन्हा ऑफिस

मॅडमनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा हात तोंडावर होता.

"हसू येतंय तर हसा," मी म्हणालो. "चूक निम्मी माझी हाय. निम्मी तुमची."

"आमची कशी?"

आता विचारलंच होतं, म्हणून मी बोललो. म्हणालो, तुमचा नियम आजारी आणि चांगलं यात फरकच करत न्हाई. आम्ही चांगलं जनावर बाजूला काढलं की गुन्हेगार, म्हणून माणूस अर्धं बोलतो, आणि अर्ध्या बोलण्यावर तुमची यादी होते. आमच्या गावचे बाजार तुम्ही बंद ठेवता, पण रस्त्यानं जनावरं भरलेल्या गाड्या जातात त्या कुणी अडवत न्हाई. लस कधी येते? पलीकडच्या गावात आजार आला की. लसीचा गुण यायला तीन आठवडे लागतात, असं तुमचेच डॉक्टर सांगतात. मग माशीला तीन आठवड्यांची सवड देता कशाला? पावसाच्या आधी टोचा. आणि माझ्यासारखे अडकलेले जे नवा बिल्ला मारून घेत असतील, त्यांची एक गाय मेली आणि एक जन्मली अशी तुमच्या कागदावर खोटी गर्दी होतीय. त्या गर्दीवरून तुम्ही लस वाटता.

मॅडम ऐकत होत्या. बाबू दारात येऊन उभा राहिला होता.

"पावसाच्या आधी लस हवी, हे मी तीनदा लिहून पाठवलंय," त्या म्हणाल्या. "चांगली जनावरं बाजूला नेण्याचं मात्र आमच्याकडून लिहायचं राहिलं. पण आप्पा, समजा पाखरीच्या अंगात आजार असता आणि गाठ अजून दिसायची राहिली असती? तुम्ही तो माळावर नेला असता. तिथं धनगरांची गुरं असतील."

माळावर धनगरांची गुरं होती. मी म्हणालो, "मग डॉक्टरला दाखवून न्यायची, असं लिहा. डॉक्टर द्या म्हणजे झालं. आमच्या दवाखान्याला तो एकटा चौदा गावं बघतो."

"लिहिते," त्या म्हणाल्या, आणि खरंच वहीत लिहिलं.

मग त्यांनी हयातीचा पुरावा मागितला. गाय पुण्याला आणायला सांगतात की काय म्हणून मी घाबरलो, पण त्या म्हणाल्या, घरी व्हिडिओवर फोन लावा. शेजारची सून रेखा फोन घेऊन गोठ्यात पळाली. पाखरीचा कान दिसला, पण बिल्ल्यावर शेण वाळलेलं. रेखानं पदरानं पुसलं. मॅडम एकेक आकडा वाचू लागल्या. नवव्या आकड्याला पाखरीनं फोनलाच जीभ लावली आणि अख्ख्या स्क्रीनवर जीभ दिसू लागली.

बाबू म्हणाला, "हे मेलेलं जनावर नाही वाटून राहिलं जी."

उरलेले तीन आकडे रेखानं ओरडून सांगितले. मॅडमच्या कॉम्प्युटरवर बटण होतं, ते फक्त त्यांनाच दिसत होतं. "चुकीची नोंद रद्द." कारण निवडायचं होतं: टंकलेखनातील चूक, दुबार नोंद, इतर. त्यांनी "इतर" दाबलं, आणि पुढं लिहायला जागा आली.

"काय लिहू?"

"लिहा, गाय परत आली."

त्यांनी तसंच लिहिलं. लाल अक्षरं हिरवी झाली.

हडपसर, गाडीतळ

परतीची गाडी महेशरावांनी हडपसरहून पकडून दिली. स्टॉपचं नाव गाडीतळ. चहावाल्या चाचांना विचारलं तर म्हणाले, इथं पूर्वी बैलगाड्या थांबायच्या, आणि त्यांचे वडील इथंच बैलांना नाल ठोकायचे. "आता बसा मोटारी मोजत," ते म्हणाले. चहा मात्र खऱ्या म्हशीच्या दुधाचा होता. मी विचारून घेतलं.

तिसरा घोट घेताना घरून फोन आला.

"अहो," मंडळी म्हणाली, "पाखरी गेली."

मी बाकावर बसलो. चाचांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. लम्पीला ओढ्यापलीकडून यायला तीन दिवस पुष्कळ झाले, असं काहीतरी डोक्यात आलं. विचारलं, "कधी?"

"आत्ताच की. डॉक्टरांचा फोन आला, नंबर हिरवा झाला म्हणून. रेखा घेऊन गेलीय दवाखान्यात, लस टोचायला. अहो, ऐकताय ना?"

ऐकत होतो. कप परत मागून घेतला आणि म्हणालो, "पन्नास वर्षं मला शिकवतेस. आता गाईचंही नीट बोलायला शीक."

मग तिला फोनवरच सगळं सांगितलं, माळावरचा फोनसुद्धा. ती इतकी हसली की चाचांनाही ऐकू गेलं. दोन वर्षं लपवलेलं सांगून टाकलं की पोट हलकं होतं, हे मात्र माझ्या लक्षात आलं. गाडी आली तेव्हा चाचांना "येतो" म्हणालो. ते म्हणाले, "या, चहा आहेच."

पाखरीला मानेवर टोचल्या जागी चार दिवस बारीक गाठ होती, आता बसली. ओढ्यापलीकडं साथ अजून आहे, आमच्या बाजूला अजून नाही. गेल्या आठवड्यात खात्याचा पुन्हा फोन आला. कदाचित तीच पोरगी असेल, आवाज तसाच होता. नंबर वाचून म्हणाली, "आजोबा, तुमची पाखरी?"

मी म्हणालो, "हाय. डॉक्टरला दाखवून माळावर ठेवलीय. परवा येते. काय लिहिलंस ते वाच."

"'माळावर आहे,'" तिनं वाचलं.

"पुढचं?"

"'येते.'"

मग मी फोन ठेवला.